डोक्याला मार लागल्यानंतरची शाळा: 'फिट सर्टिफिकेट आणा नाहीतर घरी ठेवा', मधलं काही नसतंच का?

सावरी_पुणे | बुधवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

लेक आठवीत, सेमी इंग्लिश, शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे. मागच्याच्या मागच्या शनिवारी, म्हणजे ११ दिवसांपूर्वी, प्रॅक्टिसमध्ये खांबात सूर मारताना हात सुटला आणि डावीकडे कानाच्या वर खांब सरळ डोक्याला लागला. बेशुद्ध वगैरे अजिबात झाली नाही. उठली, हसली म्हणे, आणि पुढचा डाव खेळली पण! मला काहीच माहीत नाही. घरी येऊन पोहे खाता खाता "आई आज शनिवारच ना?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोटात गोळा आला. दुपारी एक उलटी. हॉस्पिटलमध्ये नेलं, सीटी नॉर्मल, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी "काही नाही, आराम करू दे, आठवड्याने शाळेत पाठवा" म्हणून डिस्चार्ज. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या ते वेगळंच.

तर परवा सोमवारी पाठवली. तिसऱ्या तासाला शाळेतून फोन, डोकं धरून बसलीये. घरी आणून वही उघडली तर पहिल्या चार-पाच ओळी नेहमीसारख्या, मग अक्षर रेघ सोडून खाली खाली उतरत गेलेलं, फळ्यावरचं ३७८ वहीत ३८७ झालेलं आणि पुढच्या पायरीत तो आकडाच गायब. ही मुलगी हस्ताक्षराची बक्षिसं आणते हो. काल परत पाठवली, परत तेच, वर वर्गातल्या मुली म्हणतायत नाटक करते, खो-खोची कॅप्टन दुसरी झाली म्हणून.

आज शाळेत जाऊन भेटले. "दिसायला तर ठणठणीत आहे" हे वाक्य तीन जणांकडून ऐकलं. म्हणे एक तर फिट सर्टिफिकेट देऊन पूर्ण दिवस पाठवा, नाहीतर बरी होईपर्यंत घरी ठेवा, मधूनच नेणं-आणणं नियमात बसत नाही. पुढच्या सोमवारपासून घटक चाचणी आहे. मला कळत नाहीये की घरी ठेवायचं तर किती दिवस, आणि पाठवायचं तर कसं. कुणी यातून गेलंय का?

कोकणकडा | बुधवार, रात्री ११:०५

अरे बापरे. काळजी घ्या. आमच्या भाच्याला बाईकवरून पडल्यावर डॉक्टरांनी महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं होतं, टीव्ही नाही, पुस्तक नाही, कुणाशी बोलणं नाही. मेंदूला आराम म्हणजे आराम. चाचणी गेली उडत. आणि ब्राह्मीचं तूप चालू करा, रामबाण.

विकेटकीपर | बुधवार, रात्री ११:२१

हा कन्कशन प्रकार, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूचं काम बिघडणं, आपल्याला कळला तो क्रिकेटमुळे. २०२० ला कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागला आणि त्याच्या जागी येऊन चहल विकेट घेऊन गेला, आणि मागे ३१ जानेवारी २०२५ ला आपल्या गहुंज्याला दुबेच्या हेल्मेटवर बॉल बसला नि त्याच्या जागी हर्षित राणा आला, तीन विकेट काढल्या, इंग्लंडवाले किती चिडलेले आठवतंय ना. मी स्टँडमध्ये होतो. तेव्हा सगळे बदली खेळाडू 'लाइक फॉर लाइक', म्हणजे त्याच प्रकारचा, आहे का यावरच भांडत होते, ज्याच्या डोक्याला लागलं त्याचं काय याबद्दल शब्द नाही. ताई, तुमच्या लेकीला शाळेत असा बदली खेळाडू मिळत नाही हाच प्रॉब्लेम आहे :)

सॉरी, चेष्टा नाही करत. लवकर बरी होवो.

बालवैद्य | गुरुवार, सकाळी ६:५०

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, इथे बसून मुलीला तपासू शकत नाही, सर्वसाधारण सांगतो.

आधी महत्त्वाचं. डोकेदुखी वाढतच जाणं, परत परत उलट्या, जागं करायला जड जाणं, फिट येणं, बोलणं अडखळणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, हातापायात कमजोरी, वागणं एकदम विचित्र होणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं काहीही दिसलं तर धागा बंद करा आणि सरळ इमर्जन्सीला जा, दिवस अकरावा असो नाहीतर एकविसावा.

आता सीटी. सीटी बघतो तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर. कन्कशनमध्ये ते बहुधा नसतंच, बिघडतं ते पेशींचं कामकाज. मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागत असते आणि पुरवठा तेवढा होत नसतो. लो व्होल्टेज असताना घरात एक ट्यूब नीट पेटते, मिक्सर लावला की फडफडायला लागते, तसं समजा. चार ओळी नीट लिहिल्या ती ट्यूब. फळा बघ, वहीत उतरव, सर काय बोलतात ऐक, वर पंख्याचा आवाज, हा मिक्सर. म्हणून "दिसायला ठणठणीत" याला काही अर्थ नाही. आणि बेशुद्ध झाली नाही यालाही नाही, बहुतेक मुलं होतच नाहीत.

कोकणकडा, राग मानू नका, पण ती अंधारी खोली आता जुनी झाली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला या विषयावरच्या तज्ज्ञांची परिषद झाली, २०२३ ला त्याचं निवेदन छापून आलं. त्यात पहिले २४ ते ४८ तासच आराम सांगितलाय आणि तोही सापेक्ष, म्हणजे घरातल्या घरात हिंडणं-फिरणं, थोडं चालणं चालतं, स्क्रीन त्या दोन दिवसांत कमी. त्यानंतर हळूहळू वाढवत न्यायचं. आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवलेलं मूल जास्त चिडचिडं होतं, झोप बिघडते, मैत्रिणी तुटतात, आणि मग डोकेदुखी माराची की कोंडण्याची तेच कळेनासं होतं.

शाळेसाठी चार पायऱ्या सांगितल्यात. आधी घरातली रोजची कामं, थोडं वाचन. मग घरीच अभ्यास, गृहपाठ. मग अर्धवेळ शाळा, मधे विश्रांती. मग पूर्ण वेळ. तुमच्याकडे दुसरी आणि तिसरी पायरी गाळून डायरेक्ट चौथी झाली, बाकी काही नाही.

किती करायचं याचा नियम सोपा आहे. सुरू करायच्या आधी तिला विचारा डोकं १० पैकी किती दुखतंय. २ असेल आणि अभ्यास करताना ४ पर्यंत गेलं आणि तासाभरात खाली आलं तर चालतंय, घाबरू नका. त्याच्या वर गेलं किंवा तासाभरात उतरलं नाही तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी. थोडं दुखलं म्हणजे मेंदूला इजा होतेय असं नाही, हे मुलीला पण सांगा.

दुधातूपाला माझी ना नाही, पण चूर्णं-गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. आणि पॅरासिटामॉल रोज उठून दोन दोन आठवडे नको, त्यानेच डोकं दुखायला लागतं.

कोकणकडा | गुरुवार, सकाळी ९:१५

राग कसला, माहिती मिळाली. भाचा खरंच नंतर सहा महिने कुणाशी धड बोलत नव्हता, आम्हाला वाटलं माराचाच परिणाम.

गोठलेला_मावळा | गुरुवार, सकाळी ९:४०

ओटावाहून लिहितोय. आमच्याकडे मुलगा (दहावीत) आइस हॉकी खेळताना मैदानाच्या कडेच्या बोर्डवर आपटला. रविवारी लागलं, म्हणजे शाळेचा काही संबंध नाही, तरी सोमवारी शाळेला कळवावं लागतं आणि शाळा एक कागद काढते, त्यावर पायऱ्या लिहिलेल्या, प्रत्येक पायरीला आईबापाची सही. त्याला पहिल्या आठवड्यात फक्त दोन तास शाळा, कॅफेटेरियाऐवजी लायब्ररीत डबा, जिममधे नो एंट्री. कुणी विचारलं नाही खरंच दुखतंय का. मला तर आपल्या सवयीने वाटलं की हे जरा जास्तच लाड चाललेत, तोंडाने बोललोही बायकोकडे.

मग कळलं हे सगळं कुठून आलं. इथलीच रोवन स्ट्रिंगर, १७ वर्षांची, शाळेच्या रग्बी टीमची कॅप्टन. २०१३ च्या मे मध्ये आठवडाभरात डोक्याला परत परत मार लागला, ती खेळत राहिली आणि गेली. डोकं दुखतंय हे मैत्रिणींना मेसेज करून सांगितलं होतं, मोठ्यांना नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१८ ला ओंटारियोत तिच्या नावाचा कायदा झाला, रोवन्स लॉ. सप्टेंबरचा शेवटचा बुधवार तिच्या नावाने पाळतात. लाड वाटणं त्या दिवशी बंद झालं माझं.

सावरीताई, कायद्याचं सोडा, पण ती मार लागल्यावर पुढचा डाव खेळली हे वाचून मला कसंतरीच झालं.

पीटी_मास्तर | गुरुवार, दुपारी २:०५

मी २२ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय, खो-खोच्या मुली जिल्ह्याला, राज्याला नेल्यात. परदेशातून सल्ले देणं सोपं आहे. इथे एका सरांकडे तीनशे पोरं. गुडघे फुटतात, ढोपरं सोलवटतात, माती लावायची आणि खेळायचं, असंच शिकलो. मूल उठून पळालं म्हणजे ठीक असंच धरतो आम्ही. प्रत्येक टेंगळाला हॉस्पिटल करायचं तर खेळ बंद करा. पालकच मग ओरडतात की मुलगी संघात का नाही.

खडूफळा | गुरुवार, दुपारी ४:३०

सर, गुडघ्याची आणि डोक्याची एकाच मापाने तुलना कशी हो करता. गुडघा फुटला तर रक्त दिसतं, लंगडलेलं दिसतं.

मी स्वतः शिक्षिका, वर्गात ६२ मुलं, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा जिन्यावरून पडून आठवड्याने परत आला. सारखा बेंचवर डोकं ठेवायचा. मी त्याला उभं केलं. दोनदा. एकदा तर म्हटलं रात्री मोबाईल बघत बसतोस ना. त्याच्या आईने नंतर येऊन सांगितलं तेव्हा काय वाटलं ते इथे लिहवत नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं, ऑफिसला मेडिकल जमा होतं, वर्गशिक्षिकेपर्यंत कागद येत नाही. त्यामुळे ताई, पहिली गोष्ट, ऑफिसवर विसंबू नका.

आता व्यवहाराचं. शाळेला मधलं जमत नाही असं नाही, मधल्यासाठी कागद नसतो. हजेरीपटात उपस्थित नाहीतर गैरहजर, मग लेट का आली, लवकर का गेली हे कुणी विचारलं तर बाई अडकतात, म्हणून सगळे हात वर करतात. तुम्ही डॉक्टरांकडून फिट पण नको, अनफिट पण नको, असं लिहून घ्या की "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रोज इतके तास शाळेत बसण्यास हरकत नाही". तारीख, शिक्का, सही. खाली यादी, पण पाचाच्या वर नको, दहा लिहिलीत की एकही होत नाही. माझ्या अनुभवाने हे होऊ शकतं:

परिपाठ माफ (ढोल, माईक, उन्हात उभं राहणं, तीनही एकदम). फळ्यावरून उतरवायचं नाही, शेजारणीच्या वहीचा झेरॉक्स. खिडकीपासून लांब, पण पहिल्या बेंचवर नको, डिजिटल बोर्डचा उजेड तोंडावर येतो, मधल्या रांगेत भिंतीकडेला. डोकं दुखलं की न विचारता उठून जायची एक ठरलेली जागा, आमच्याकडे ग्रंथालय आहे, तिथल्या मावशी फार प्रेमळ. आणि पीटी, खो-खो बंद, दप्तर हलकं.

चाचणीबद्दल वर्गशिक्षिकेला नाही, पर्यवेक्षकांना भेटा, नंतर घेता येते किंवा तोंडी घेता येते, आठवीच्या घटक चाचणीने कुणाचं नशीब ठरत नाही. दहावी असती तर मी वेगळं लिहिलं असतं.

आणि मुलींना सांगा. म्हणजे वर्गाला. मी आता सांगते सरळ पाच मिनिटं, तिच्या परवानगीने. नाटक करतेस म्हणणाऱ्या मुलीच मग झेरॉक्सला वही देतात.

सावरी_पुणे | गुरुवार, संध्याकाळी ७:५०

खडूफळा बाई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. बालवैद्य, तो दहापैकीचा नियम कालपासून कुणीतरी सांगायला हवा होता असं वाटत होतं. आज घरी करून बघितलं, इतिहास वाचताना २ चं ३ झालं, ठीक. गणित उतरवून काढताना वीस मिनिटांत ६. म्हणजे वाचता येतंय, वर-खाली बघून उतरवणं जमत नाहीये. हे मला दोन दिवस शाळेत कोंबून कळलं नाही ते स्वयंपाकघराच्या टेबलावर कळलं.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १२:१०

वर-खाली बघण्याचं वाचून लॉगिन केलं. मी आता इंजिनिअरिंगला आहे. दहावीत असताना फुटबॉलमध्ये डोक्याला डोकं आपटलं. घरी सांगितलंच नाही, कारण आधीच खेळणं बंद कर म्हणत होते. नंतर डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, वाचताना ओळी एकमेकींवर चढायच्या, सगळ्यांचं निदान एकच, मोबाईल. मोबाईल काढून घेतला तरी तेच. तीन महिने गेले असे, प्रिलिमला ४० टक्के. शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेन नाकाजवळ आणत आणत बघितलं आणि म्हणाले दोन्ही डोळे जवळचं बघताना एकत्र वळतच नाहीयेत. चष्म्याचा नंबर शून्य! व्यायाम दिले, पेनाच्या टोकाकडे बघायचे वगैरे, आणि दीड-दोन महिन्यांत ओळी जागेवर आल्या.

ताई, लगेच नाही पण महिन्याभराने सुद्धा उतरवताना त्रास असेल तर डोळे आणि मान दोन्ही दाखवा. आणि तिच्यावर विश्वास ठेवताय हे तिला बोलून दाखवा. मला मार्कांपेक्षा ते लागलं होतं, की बाबांना पण वाटत होतं मी बनवतोय.

बालवैद्य | शुक्रवार, सकाळी ७:०५

रात्रपाळी, अगदी बरोबर. बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत ठीक होतात, पण चार आठवड्यांनंतरही रेंगाळलं तर नुसतं "होईल बरं" म्हणत बसायचं नाही. डोळे, तोल, मान, झोप, मूड, एकेक तपासायचं, प्रत्येकाला वेगळा इलाज आहे. आधी कधी डोक्याला मार लागलेला असेल किंवा मायग्रेन असेल तर जास्त वेळ लागू शकतो. सावरीताई, तिला किंवा तुम्हाला मायग्रेन आहे का?

सावरी_पुणे | शुक्रवार, सकाळी ७:३०

मला आहे. कॉलेजपासून. हे कुणीच विचारलं नव्हतं.

सिअ‍ॅटलकर | शुक्रवार, सकाळी १०:००

थोडं इकडचं. आमच्या वॉशिंग्टन राज्यात २००९ ला पहिला असा कायदा झाला, झॅकरी लिस्टेड नावाच्या मुलामुळे, २००६ ला १३ वर्षांचा असताना अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला लागलं आणि त्याच मॅचमध्ये परत उतरवला, पुढे कित्येक वर्षं नीट बोलता-चालता येत नव्हतं. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत कायदे झाले. पण गंमत अशी की बहुतेक कायदे मैदानावर परत कधी उतरायचं याचे आहेत, वर्गात परत कसं बसायचं याबद्दल फारच कमी. पोरगं आठवड्यातून चार तास मैदानावर आणि तीस तास वर्गात! त्यामुळे इथेही शिक्षक चांगले मिळाले तर निभतं, नाहीतर ईमेलवर ईमेल. परदेशात सगळं आलबेल आहे असं समजू नका.

पीटी_मास्तर | शुक्रवार, रात्री ९:२०

दोन दिवस वाचतोय. काल जरा तडकून लिहिलं.

एक विचारायचंय बालवैद्य. आमच्या संघातली एक मुलगी मागच्या आठवड्यात धडकली, म्हणते ठीक आहे, आणि पुढच्या शनिवारी तालुक्याचे सामने आहेत. तिला खेळवू का?

बालवैद्य | शुक्रवार, रात्री ९:४५

सर, विचारलंत हे बरं केलंत. तपासून घेतल्याशिवाय नाही. आधी शाळा पूर्ण वेळ जमली पाहिजे, मगच धडकाधडकीचा खेळ. खेळाच्या पायऱ्या वेगळ्या, सहा आहेत, चालणं, मग पळणं, मग एकटीने कौशल्याचा सराव, प्रत्येकीला किमान एक दिवस. सूर मारणं आणि सामना अगदी शेवटी, लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. ठीक आहे का असं विचारू नका, मुलं हो म्हणतात. डोकं दुखतं का, झोप कशी आहे, गणित जमतंय का, असं विचारा.

पीटी_मास्तर | शनिवार, दुपारी १:१५

विचारलं. गणिताच्या तासाला उलटी झाल्यासारखं होतं म्हणाली, बुधवारपासून. घरी सांगितलं नव्हतं. वडिलांना फोन केला, डॉक्टरकडे घेऊन गेलेत. संघातून नाव काढलंय. बाकी काय लिहू.

खडूफळा | शनिवार, दुपारी १:४०

काही लिहू नका सर. नमस्कार घ्या.

सावरी_पुणे | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

अपडेट द्यायचं राहिलं. मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, त्यांनी खडूफळा बाईंनी सांगितलं तसंच लिहून दिलं, तारखा घालून. कागद पुढ्यात आल्यावर मंडळी एकदम वेगळी बोलायला लागली, "अहो आधी का नाही आणलंत". असो. पर्यवेक्षक सर भले निघाले, चाचणीचे गणित आणि विज्ञान पुढे ढकलले, मराठी तोंडी घेतलं.

या आठवड्यात परिपाठ संपल्यावर ८ ला जायची, मधल्या सुट्टीत १० ला घरी. सोमवारी डोकं दुखणं १० पैकी ५ पर्यंत गेलं, बुधवारी दीड तास ग्रंथालयातच काढला, काल पहिल्यांदा २ वर राहिलं. फळ्यावरून उतरवणं अजून नाही. झेरॉक्सला वही कोण देतंय माहितीये का, जी नवीन कॅप्टन झाली तीच. आज प्रॅक्टिस बघायला जायचंच म्हणून हट्ट केला, सरांनी खांबापासून लांब खुर्ची टाकून दिली आणि गुण लिहायला बसवलं, एक डाव लिहिला, दुसऱ्यात शिट्टी सहन होईना तेव्हा कागद दुसरीकडे देऊन स्वतःच उठून आली. स्वतःच उठली याचा मला जास्त आनंद झाला.

सोमवारपासून ११:२० पर्यंत थांबायचंय. आता अडचण एकच, आमचे रिक्षावाले काका १२:४० शिवाय यायला तयार नाहीत, आणि स्कूटरवर स्पीडब्रेकरचे धक्के तिला नको वाटतात. कर्वेनगर ते कोथरूड डेपो, अकरा-साडेअकराला, महिनाभर, कुणाच्या ओळखीचे कुणी रिक्षावाले आहेत का?

कोकणकडा | पुढचा शनिवार, रात्री ९:५२

आहेत. वारजे माळवाडीचे, हळू चालवतात, रेडिओ लावत नाहीत. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.